जनावरांच्या तोंडातील ‘काटे’ आणि खऱ्या चामखिळी यांची पारख

गाय, बैल किंवा म्हैस यांनी वैरण टाकली म्हणजे पशुपालकाचे लक्ष प्रथम त्यांच्या तोंडाकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तोंड उघडून पाहिले असता गालांच्या आतील बाजूस टोकदार अंकुरांच्या रांगाच्या रांगा दिसतात, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. ‘तोंडात काटे वाढले, म्हणून जनावर खात नाही’ असे निदान गोठ्यातल्या गोठ्यात होऊन जाते. मग मीठ व हळद चोळून ते काटे खरडले जातात. काही ठिकाणी तर कात्रीने अथवा विळ्याने कापलेही जातात.

वस्तुतः हे काटे म्हणजे रोग नव्हे. ते निरोगी जनावराच्या तोंडाचे नैसर्गिक अवयव होत. दुसऱ्या बाजूस, तोंडाच्या अस्तरावर चामखिळीसारख्या खऱ्या गाठी येणारे काही रोग आहेत. त्यांतील काही आपोआप बरे होणारे आहेत, काही एका जनावरापासून दुसऱ्यास लागणारे आहेत, आणि एखादा माणसाच्या हातासही लागणारा आहे. जे निरोगी आहे ते कापावयाचे आणि जे रोगट आहे ते ‘काटेच असतील’ म्हणून सोडून द्यावयाचे, अशी दुहेरी हानी या अज्ञानामुळे होते. सबब काटा कोणता व चामखीळ कोणती, हे ओळखण्याची रीत प्रत्येक पशुपालकाने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आत्मसात करणे अगत्याचे आहे.

निरोगी तोंडाची रचना

रोग ओळखण्यापूर्वी निरोगी तोंड कसे असते हे ठाऊक असावयास हवे. प्रौढ गाईला एकूण ३२ दात असतात. त्यांपैकी खालच्या जबड्यात पुढे ८ दात असतात. वरच्या जबड्यात पुढच्या बाजूस दात नसून त्या जागी कठीण, गुळगुळीत अशी गादी असते. उरलेल्या २४ दाढा होत. टाळूवर आडव्या वळ्या असतात. जीभ खरखरीत असते, कारण तिच्यावरील बारीक अंकुरांची टोके घशाच्या दिशेने वळलेली असतात. जिभेच्या मागच्या भागावर मोठा उंचवटा असून त्यावर बोथट व रुंद अंकुर असतात. त्याच्याही मागे दोन्ही कडांना गुंडीसारखे गोल अंकुर ओळीने दिसतात. जिभेखाली, पुढच्या दातांच्या मागे, दोन लहान मांसल उंचवटे असतात. तेथून लाळ बाहेर येते. यांपैकी एकही गोष्ट रोगाची खूण नाही.

आता गालातील काट्यांविषयी. ओठांच्या कोपऱ्यापासून आत गेले की गालाच्या अस्तरावर शंकूच्या आकाराचे अंकुर असतात. ओठांच्या कोपऱ्याजवळ ते सर्वांत लांब व टोकदार असतात. त्यांची टोके मागे, घशाकडे वळलेली असतात. गाय वैरण खाताना जिभेने ओढून घेते आणि दाढांमध्ये बाजूने रगडून चावते. अशा वेळी गालातील घास पुढे निसटून तोंडाबाहेर पडू नये, तो मागेच सरकावा, यासाठी ही योजना आहे. कडब्याची धसकटे व काटेरी पाला यांपासून गालाच्या कोवळ्या कातडीचे रक्षणही या अंकुरांमुळे होते. म्हशीच्या, शेळीच्या व मेंढीच्या तोंडातही असे अंकुर असतात. थोडक्यात, पाभरीला फण जितके आवश्यक तितकेच चरणाऱ्या जनावराला हे काटे आवश्यक होत.

आजारी जनावराच्या तोंडात हे काटे अधिक उठून दिसतात, हे खरे आहे. जनावर खात नसले म्हणजे तोंड रिकामे असते, लाळ दाट होते, अस्तर फिकट व कोरडे पडते, गाल सैल पडतात. त्यामुळे एरवी लक्षात न येणारे अंकुर डोळ्यांत भरतात. शिवाय धट्ट्याकट्ट्या जनावराचे तोंड उघडून पाहण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाही. आजारी जनावराचे तोंड तेवढे पाहिले जाते. त्यामुळे काटे व आजार यांची सांगड मनात पक्की बसते.

काटे कापल्याने काय होते

काटे खरडल्यावर अथवा कापल्यावर दोन-तीन दिवसांनी जनावर खाऊ लागले, असे अनेक जण सांगतात. त्याचे कारण निराळे आहे. जनावर वैरण टाकते ते बहुधा अपचन, पोटफुगी, ताप, अचानक बदललेला चारा, जास्त झालेले धान्य किंवा जंत यांमुळे. साध्या अपचनाचा विकार दोन-तीन दिवसांत आपोआप कमी होतो व जनावर चारा खाऊ लागते. काटे कापले नसते तरी ते खाऊ लागलेच असते. श्रेय मात्र कात्रीला मिळते.

कापण्यापासून होणारे तोटे मात्र प्रत्यक्ष आहेत. अंकुरांत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. ते कापले की रक्त येते व वेदना होतात. जखमेवर मीठ चोळल्याने त्या वाढतात. दुखऱ्या तोंडामुळे जे थोडेफार खाल्ले जात होते तेही बंद होते. जखमांतून जंतूंचा शिरकाव होतो. एकाच कात्रीने वाडीतील चार जनावरांचे काटे कापले गेले, तर एकाच्या तोंडातील लाळ व रक्त दुसऱ्याच्या जखमेत जाते आणि रोगाचा प्रसार माणसाच्याच हातून होतो. यापेक्षाही मोठा तोटा म्हणजे हातचा वेळ जातो. पोटात तार किंवा खिळा गेलेली गाय, गोचीड-ताप आलेला बैल, लाळ्या-खुरकुताची सुरुवात झालेली म्हैस यांच्यावर ज्या दिवशी उपचार व्हावयास हवा, तो दिवस काटे कापण्यात निघून जातो.

तोंडात हात घालण्यापूर्वी

एक गोष्ट सर्वांत आधी ध्यानात ठेवावी. लाळ गाळणाऱ्या आणि गिळू न शकणाऱ्या प्रत्येक जनावराच्या घशात काही अडकले आहे अथवा तोंडात काटे वाढले आहेत, असे समजून उघडा हात तोंडात घालू नये. पिसाळ रोग, म्हणजेच रेबीज, झालेल्या गुराची सुरुवातीची लक्षणे अशीच असतात. ते चारा-पाणी टाकते, घसा लुळा पडल्याने लाळ गळत राहते, आवाज घोगरा होतो, वारंवार हंबरते, मागचे पाय डळमळतात. कधी अंगावर धावून येते, तर कधी अगदी शांत असते. या रोगाचे विषाणू लाळेत असतात आणि हातावरील लहानशा ओरखड्यातूनही ते माणसाच्या शरीरात शिरू शकतात. लक्षणे दिसू लागल्यानंतर हा रोग बरा होत नाही.

म्हणून मागील काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जनावराला कुत्रे, कोल्हा अथवा मुंगूस चावल्याचे कोणास ठाऊक आहे काय, याची आधी चौकशी करावी. किंचित संशय असला तरी जनावर वेगळे बांधून पशुवैद्यकास बोलवावे. लाळेचा संपर्क आधीच घडला असल्यास ती जागा साबण व वाहते पाणी यांनी निदान पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. लाज किंवा आळस यापायी ही गोष्ट पुढे ढकलणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

तोंड तपासण्याची रीत

संशयास कारण नसेल तर तपासणी पुढीलप्रमाणे करावी. जनावर खोड्यात किंवा झाडाला जखडून उभे करावे. एका माणसाने वेसण अथवा म्होरकी धरून डोके स्थिर ठेवावे. तपासणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. प्रथम तोंड न उघडता ओठ वर-खाली करून हिरड्या व वरची गादी पाहावी. नंतर ओठांच्या कोपऱ्यातून, जेथे दात नसतात त्या मोकळ्या जागेतून, हात घालून जीभ बाजूला धरावी व गालाच्या आत विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे. दोन्ही गाल, जिभेचा वरचा व खालचा भाग, कडा आणि टाळू हे सर्व क्रमाने पाहावे. एकच बाजू पाहून निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर सर्वांत सोपी व सर्वांत उपयुक्त अशी परीक्षा करावी: शेजारच्या दावणीला बांधलेल्या, साधारण त्याच वयाच्या धडधाकट जनावराचे तोंड उघडून पाहावे. मात्र दोन्ही तपासण्यांच्या दरम्यान हातमोजे बदलावेत. निरोगी जनावराच्या तोंडातही तसेच काटे आढळले, तर आजाराचे मूळ अन्यत्र आहे हे उघड होते. पुस्तकातील चित्रापेक्षा हा प्रत्यक्ष दाखला गावकऱ्यांना अधिक पटतो, असा लाभही त्यात आहे.

काटा व गाठ यांतील भेद ठरविण्यासाठी स्वतःस पाच प्रश्न विचारावेत.

१. दोन्ही गालांत रचना सारखीच आहे काय? नैसर्गिक काटे दोन्ही बाजूंस सारखे असतात. रोगट वाढ बहुधा एका जागी किंवा विस्कळीत असते.

२. टोके एकाच दिशेस आहेत काय? नैसर्गिक काट्यांची टोके घशाकडे वळलेली असतात. चामखिळीला दिशा नसते.

३. आकार कसा आहे? काटा शंकूसारखा व गुळगुळीत असतो. चामखीळ फुलकोबीच्या गड्ड्याप्रमाणे खडबडीत, किंवा देठावर लोंबणारी, किंवा रुंद बुडाची असते.

४. रंग व स्पर्श आजूबाजूच्या अस्तरासारखाच आहे काय? निराळा रंग, कठीणपणा, लाली, खपली किंवा पांढुरका मृत थर दिसल्यास तो रोग समजावा.

५. हात लावल्यास रक्त येते काय, किंवा जनावर वेदनेने मान झटकते काय? निरोगी काट्यांस हलका स्पर्श केल्याने रक्त येत नाही.

खऱ्या चामखिळी

गुरांच्या चामखिळी पॅपिलोमा जातीच्या विषाणूंमुळे होतात. दोन वर्षांखालील वासरे, कालवडी व गोऱ्हे यांत त्या अधिक आढळतात, कारण या वयात रोगाविरुद्धची शक्ती पुरेशी तयार झालेली नसते. मान, डोके, खांदे व सड यांवर त्या सामान्यपणे येतात. ओठ व तोंडाचे अस्तर यांवर तुलनेने कमी. वेसणीची जखम, म्होरकीचा काच, काटेरी कुंपणाचा ओरखडा अशा ठिकाणी विषाणू शिरतो आणि एक ते सहा महिन्यांनी गाठ दिसू लागते. त्यामुळे ‘काल-परवा तर काही नव्हते’ हे पशुपालकाचे म्हणणे खरे असले, तरी लागण मात्र फार पूर्वीच झालेली असते.

बहुतेक चामखिळी काही महिन्यांत ते सुमारे एक वर्षात आपोआप गळून पडतात. अशा जनावरास वेगळे बांधणे, वेसण-दावे स्वतंत्र ठेवणे व पोषण सुधारणे एवढेच बहुधा पुरते. गाठी फार असतील, खाताना दाढेखाली येऊन रक्त येत असेल किंवा श्वासास अडथळा होत असेल, तर पशुवैद्यक शस्त्रक्रियेने त्या काढतात. काही वेळा त्याच जनावराच्या चामखिळीपासून लस तयार करून टोचली जाते. तिचा गुण सर्वच जनावरांत सारखा येत नाही. गुरांच्या चामखिळी माणसास लागत नाहीत. घोड्याच्या केसाने गाठ बांधणे, आम्ल लावणे, तापलेल्या सळईने डागणे हे उपाय तोंडाच्या कोवळ्या अस्तरावर कदापि करू नयेत.

चामखीळ निरुपद्रवी असते हा नियम असला तरी त्यास अपवाद आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ब्रॅकन नावाचे नेचे खाणाऱ्या गुरांच्या तोंडात, अन्ननलिकेत व पोटात चामखिळी टिकून राहतात आणि त्यांपैकी काहींचे कर्करोगात रूपांतर होते, असे ग्लासगो येथील विल्यम जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यांचे हे संशोधन १९७८ साली प्रसिद्ध झाले. नेच्यातील विषारी द्रव्यामुळे रोगप्रतिकारशक्ती खचते आणि जी गाठ एरवी गळून पडली असती ती वाढतच राहते. भारतात हिमालयाच्या डोंगरउतारावरही हे नेचे वाढते व तेथे ते खाणाऱ्या गुरांत रक्तमिश्रित लघवीचा विकार आढळतो. या उदाहरणाचा बोध सरळ आहे: तरुण जनावराची कमी होत जाणारी चामखीळ ही काळजीची बाब नव्हे, परंतु वयस्क जनावरात उद्भवलेली, वर्ष उलटूनही न जाणारी, वाढणारी, व्रण पडलेली किंवा दुर्गंधी येणारी गाठ पशुवैद्यकास दाखविलीच पाहिजे.

शेळ्या-मेंढ्यांतील मावा

करडे व कोकरे यांच्या ओठांवर, ओठांच्या कोपऱ्यांत व नाकपुड्यांभोवती खपल्या धरतात, त्या रोगास मावा म्हणतात. तो देवीच्या वर्गातील विषाणूमुळे होतो. काटेरी झुडपांत चरताना ओठांस ओरखडे पडले की लागण सुलभ होते. प्रथम लाल ठिपके, मग फोड, मग जाड काळपट खपल्या असा क्रम असतो. रोग तीव्र असल्यास हिरड्यांवर, गालांच्या आत व जिभेवरही मांसल, लालभडक, चामखिळीसारखी वाढ होते. पिल्लाला दूध ओढता येत नाही व ते उपासमारीने दगावते. तेच पिल्लू आईच्या सडास तोंड लावते तेव्हा सडासही लागण होते. मग दुखऱ्या सडामुळे शेळी पाजू देत नाही. कळपाचे खरे नुकसान येथे होते.

गुंतागुंत न झाल्यास रोग तीन-चार आठवड्यांत ओसरतो. खपल्या ओढून काढू नयेत. त्यामुळे जखम बरी होण्यास विलंब लागतो. पडलेल्या खपल्यांत विषाणू कोरड्या जागी महिनोन्महिने जिवंत राहतो, म्हणून वाड्यातील केरकचरा जाळावा. आजारी पिल्लांस वेगळे ठेवून कोवळा लुसलुशीत पाला द्यावा व वाटी-चमच्याने दूध पाजावे. मावा माणसाच्या हातास लागतो. बोटांवर फोड व गाठ येते. म्हणून हाताळताना मोजे वापरावेत व हात साबणाने धुवावेत. वासरांच्या नाकावर, ओठांवर व टाळूवर गोल, उंचवटलेले पुरळ आणणारा सौम्य रोगही याच वर्गातील विषाणूमुळे होतो आणि तोही माणसाच्या हातास लागू शकतो.

गाठीसारखे दिसणारे इतर विकार

लंपी त्वचा रोगात अंगभर गाठी येतात व काही जनावरांत त्या ओठ, नाक व तोंडाच्या अस्तरावरही येऊन फुटतात. भारतात हा रोग प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला आणि २०२२ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याची मोठी साथ आली. ताप, सुजलेल्या लसिकाग्रंथी व कातडीवरील गाठी ही त्याची सोबतची लक्षणे होत.

लाकडी जीभ या विकारात जीभ सुजून कठीण होते, तिच्यात गाठी जाणवतात आणि जनावर लाळ गाळीत जीभ बाहेर काढते. कडब्याची धसकटे बोचून झालेल्या जखमांतून जंतू शिरल्याने हा विकार होतो. वेळीच उपचार केल्यास तो बरा होतो.

लाळ्या-खुरकुतात गाठ नसते, फोड असतात. जिभेवर, हिरड्यांवर व वरच्या गादीवर पाण्याने भरलेले फोड येतात, ते फुटून कातडी सोलली जाते, फेसाळ लाळ गळते, ताप येतो आणि खुरांच्या बेचक्यात जखमा होऊन जनावर लंगडते. अशा वेळी काटे खरडणे म्हणजे सोललेल्या तोंडावर मीठ चोळणे होय. या रोगाविरुद्ध दर सहा महिन्यांनी लस टोचून घ्यावी. २०१९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली ती विनामूल्य टोचली जाते.

काटे झडणे हीच खरी धोक्याची खूण

येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. काटे लांब दिसणे हे नव्हे, तर काटे झडणे किंवा बोथट होणे हे रोगाचे लक्षण होय. बुळकांडी रोगात हिरड्या, ओठ व गाल यांवर कोंडा भुरभुरल्यासारखा थर येई आणि गालातील अंकुरांची टोके झडून ती जागा लाल होई. भारतात १९५४ साली या रोगाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली. १९९५ साली देशातील शेवटचा उद्रेक नोंदला गेला, आणि २०११ साली सर्व जगातून हा रोग नष्ट झाल्याची घोषणा झाली. या यशात लसीबरोबरच जनावराचे तोंड नीट पाहून वेळीच वर्दी देणाऱ्या गावोगावच्या माणसांचा वाटा मोठा होता. बुळकांडी आज नाही. परंतु शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर व गुरांतील विषाणुजन्य हगवण यांत तोंडाच्या अस्तराची अशीच झीज आढळते. सबब झडलेले काटे, लाल चट्टे, ताप व हगवण एकत्र दिसल्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

काटे खरोखर रोगामुळे वाढण्याचे प्रसंग अत्यंत विरळ आहेत. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील गुरांत कातडी जाड होऊन तोंडात चामखिळीसारखी वाढ होणारा एक गूढ विकार पसरला होता. यंत्रांच्या वंगणात मिसळलेल्या क्लोरीनयुक्त नॅफ्थलीन द्रव्यांमुळे शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा उपयोग बिघडून तो होतो, असे पुढे सिद्ध झाले. त्यावर उपाय काटे कापणे हा नव्हता, तर ते वंगण जनावरांपासून दूर ठेवणे हा होता. ट्रॅक्टरचे वंगण व जळके तेल यांचे डबे गव्हाणीजवळ ठेवू नयेत, एवढा धडा आजही घेण्यासारखा आहे.

निश्चित निदान कसे होते

डोळ्यांनी पाहून पुष्कळसा उलगडा होतो, पण संशयित गाठीचे निश्चित निदान प्रयोगशाळेतच होते. पशुवैद्यक गाठीचा लहान तुकडा काढून १० टक्के फॉर्मॅलीनच्या द्रावणात ठेवतात व सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीसाठी पाठवितात. विषाणू ओळखण्यासाठी मात्र फॉर्मॅलीनमध्ये न बुडविलेला, बर्फात ठेवलेला वेगळा नमुना लागतो. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग पुण्यास औंध येथे आहे. पशुपालकाने स्वतः तुकडा कापून पाठवू नये. त्याने नमुना वाया जातो व जनावरास इजा होते. त्याने करावयाचे काम माहिती देण्याचे आहे: जनावराचे वय, गाठ प्रथम केव्हा दिसली, ती वाढत आहे की घटत आहे, गोठ्यातील आणखी किती जनावरांस तसे झाले, ताप किंवा लंगडेपणा आहे काय, आणि कोणती लस केव्हा टोचली. ही माहिती नीट मिळाल्यास निम्मे निदान जागेवरच होते.

पशुवैद्यक येईपर्यंत

तोंड दुखत असल्यास कडबा बंद करून मऊ हिरवा चारा, पेज किंवा भिजविलेले खाद्य द्यावे व स्वच्छ पाणी समोर ठेवावे. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट विरघळवून त्याने हलक्या हाताने तोंड धुवावे. गिळू न शकणाऱ्या जनावरास नळीने अथवा बाटलीने औषध पाजू नये. ते फुप्फुसात जाऊन जनावर दगावते. तापमापक असल्यास ताप पाहावा. गाईचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. रवंथ चालू आहे काय, शेण कसे पडते, डाव्या कुशीला हात लावल्यास कोठीपोटाची हालचाल जाणवते काय, याची नोंद ठेवावी. वैरण न खाण्याचे कारण बहुधा या नोंदींतच सापडते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

लाळ्या-खुरकुतासारख्या अनुसूचित सांसर्गिक रोगाचा संशय आल्यास ती वर्दी देणे हे २००९ च्या पशूंमधील सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमान्वये पशुपालकाचे कर्तव्य आहे, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी गावात समजावून सांगावी. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सोय असलेल्या ठिकाणी १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकाचा उपयोग करावा. काटे कापणाऱ्या जाणत्या माणसाची चेष्टा मात्र करू नये. तोही जनावराच्या कळवळ्यानेच हे करीत असतो. त्याच्याच हातून एका निरोगी बैलाचे तोंड उघडवून काटे दाखवावेत. एकदा ते पाहिल्यावर तो स्वतःच गावाला समजावून सांगू शकेल, आणि त्याच्या शब्दाला गावात वजन असते.

तात्पर्य, जनावराने वैरण टाकली असता तोंड अवश्य पाहावे, पण कात्री हाती घेऊ नये. दोन्ही गालांत सारखे, मागे वळलेले, न दुखणारे अंकुर दिसले तर ते निसर्गाने दिलेले समजून आजाराचे कारण पोटात, खुरांत व तापात शोधावे. वेडीवाकडी, एका बाजूची, रक्त येणारी किंवा वाढत जाणारी गाठ दिसली तर जनावर वेगळे बांधून त्याच दिवशी पशुवैद्यकास कळवावे.